'यशस्वी' हा शब्द थोडा उशिरा छापावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

डोक्याला डोके जोडलेल्या जुळ्या बाळांना वेगळे केल्याची बातमी अधूनमधून जगाच्या कुठल्या तरी भागातून येते आणि आपल्या दैनिकासह सगळीच वर्तमानपत्रे ती छायाचित्रासह, ठळकपणे छापतात. मथळ्यात 'यशस्वी' हा शब्द ठरलेला असतो. शस्त्रक्रिया किती तास चालली, किती डॉक्टर होते, बाळांना आत नेताना आईची काय अवस्था झाली, हे सगळे त्यात येते. बालशस्त्रक्रिया आणि मेंदूशस्त्रक्रिया या दोन विभागांत एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे, आणि अशी बातमी वाचताना माझी नजर त्या 'यशस्वी'पाशीच अडते. ज्या दिवशी तो शब्द छापला जातो त्या दिवशी दोन्ही बाळे व्हेंटिलेटरवर असतात, डोक्याच्या पट्टीखालची कातडी धरेल की काळी पडेल हे कोणालाच ठाऊक नसते आणि दोघांपैकी एकानेही अजून डोळे उघडलेले नसतात. बाळे टेबलावरून जिवंत बाहेर आली, एवढेच त्या दिवशी खात्रीने सांगता येते. ते थोडे नव्हे. पण त्याला यश म्हणायचे की नाही, हे कळायला पुढची काही वर्षे जावी लागतात, आणि तोपर्यंत वर्तमानपत्रांनी त्या मुलांकडे पाहणे कधीच सोडून दिलेले असते. या पत्राचा विषय एवढाच आहे.

त्याआधी एका शब्दप्रयोगाबद्दल. अशा बातमीत 'एक धड, दोन डोकी' असे सर्रास लिहिले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी असते. वैद्यकीय भाषेत ज्यांना क्रेनिओपेगस म्हणतात त्या जुळ्यांत धड प्रत्येकाचे वेगळे असते, हृदय, फुप्फुसे, हातपाय ज्याचे त्याला असतात. जोडलेली असते ती कवटी, कधी कपाळाशी, कधी मागच्या बाजूने, पण बहुतेक वेळा वरच्या, टाळूच्या भागात. चेहरा आणि मान जोडलेली नसते. म्हणजे ती सरळसरळ दोन मुले असतात, दोन नावांची आणि दोन स्वभावांची. 'सयामी जुळी' हा रूढ शब्दही खरे तर वेगळ्या जोडीवरून आला. १८११ साली सयाममध्ये जन्मलेले ते दोघे भाऊ छातीच्या खालच्या बाजूला जोडलेले होते. असो, तो शब्द आता भाषेत इतका मुरला आहे की त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही.

डोक्याला जोडलेली जुळी फारच दुर्मीळ असतात. साधारण पंचवीस लाख जन्मांमागे एक जोडी असे प्रमाण सांगितले जाते, आणि शरीराच्या कुठल्याही भागात जोडलेल्या सगळ्या जुळ्यांत त्यांचा वाटा शंभरात दोन ते सहा एवढाच आहे. मुलांपेक्षा मुलींच्या जोड्या अधिक. एकाच फलित बीजाचे दोन भाग व्हायला गर्भधारणेनंतर सुमारे तेरा दिवसांहून अधिक उशीर झाला, तर ते विभाजन अपुरे राहते असे एक मत आहे. दोन भाग आधी पूर्ण वेगळे होतात आणि मग पुन्हा एकमेकांना चिकटतात असे दुसरे मत आहे. दोन्हींपैकी कोणतेही खरे असले, तरी आईने काय खाल्ले, काय पाहिले, ती कुठे गेली होती, याचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. हे वाक्य बातमीत एकदा तरी यावे, असे मला फार वाटते, कारण वॉर्डात त्या आईला नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारत असतात.

आता शस्त्रक्रिया इतकी अवघड का, हे थोडे सांगते, कारण त्याशिवाय तासांच्या आकड्यांना काही अर्थ येत नाही. वाचकांना वाटते की दोन मेंदू एकमेकांत मिसळलेले असतात आणि ते कापावे लागतात. काही जोड्यांत मेंदूचे पृष्ठभाग एकमेकांत गुंतलेले असतात हे खरे, पण खरी अडचण असते ती रक्ताची. आपल्या मेंदूतले वापरून झालेले रक्त गोळा करणारा एक मोठा मार्ग कवटीच्या आत, टाळूखालून पुढून मागे जातो. टाळूशी जोडलेल्या जुळ्यांत अनेकदा हे मार्ग दोघांत सामाईक असतात, आणि एका बाळाच्या हृदयाने पंप केलेले रक्त परत येताना दुसऱ्याच्या हृदयात जाते. म्हणजे कवटी कापणे सोपे, कातडी कापणे त्याहून सोपे. पण तो मार्ग कोणाला द्यायचा? ज्याला तो मिळत नाही, त्याच्या मेंदूत रक्त आत येत राहते आणि बाहेर पडायला जागा उरत नाही, मेंदू सुजतो. पूर्वी एकाच बैठकीत सगळे उरकण्याचा प्रयत्न होई तेव्हा घात व्हायचा तो इथेच. अलीकडे अनेक शल्यचिकित्सक टप्प्याटप्प्याने जातात, म्हणजे काही शिरा बांधायच्या, कवटी पुन्हा मिटायची आणि कित्येक आठवडे थांबायचे, त्या काळात रक्त स्वतःच दुसऱ्या बारीक शिरांतून वाट काढते आणि त्या शिरा रुंदावत जातात. शरीराला ही सवड देणे, हा या क्षेत्रातला मोठा शोध आहे, आणि तो शोध कुठल्याही उपकरणाचा नाही याचे मला कौतुक वाटते.

कातडीचे कामही असेच सबुरीचे. दोन डोकी वेगळी केली की दोन्हीकडे उघडी जागा राहते आणि ती झाकायला पुरेल एवढी कातडी कोणाकडेच नसते. त्यासाठी टाळूच्या कातडीखाली सिलिकोनची रिकामी पिशवी ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी बारीक सुईने तिच्यात थोडे थोडे सलाईन भरत जातात. याला टिश्यू एक्सपांडर म्हणतात. जोडलेल्या जुळ्यांसाठी नव्हे, पण भाजलेल्या मुलांसाठी हे काम मी अनेक वर्षे केले आहे. सलाईन आत गेले की कातडी फुग्यासारखी ताणते, चकाकते, तिच्यावरच्या निळ्या शिरा दिसू लागतात, आणि ती पांढरी पडू लागली की हात थांबवून थोडे पाणी परत काढून घ्यायचे असते. पहिल्या दोन वेळा मूल रडते. तिसऱ्या वेळेपासून ते सुईचा ट्रे नुसता दारात दिसला तरी रडू लागते.

माझ्या संपूर्ण सेवेत टाळूशी जोडलेली एकच जोडी मी जवळून पाहिली. चौदा महिन्यांच्या दोन मुली तपासणीसाठी आल्या होत्या आणि अकरा दिवस आमच्या वॉर्डात राहिल्या. त्या अशा जोडलेल्या होत्या की निजवल्यावर दोघींची मिळून एकच सरळ रेषा व्हायची, एकीचे पाय पूर्वेला तर दुसरीचे पश्चिमेला. एका पाळण्यात त्या मावत नसत, म्हणून दोन पाळण्यांच्या मधल्या बाजू काढून ते एकमेकांना बांधले होते. दोघींच्या नळ्या, औषधे, तक्ते यांत चूक होऊ नये म्हणून एकीला लाल चिकटपट्टी आणि दुसरीला हिरवी, असे पहिल्याच दिवशी ठरले. पण दुसऱ्या दिवसापासून चिकटपट्टीची गरज फक्त कागदपत्रांपुरती उरली, कारण एक तुरतुरी आणि रागीट होती, दुसरी गालातल्या गालात हसणारी, आणि दोघींच्या रडण्याचा आवाजही वेगळा होता. उचलताना दोन माणसे लागत आणि मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी एकाच क्षणी उचलावे लागे, कारण एकाचा हात अर्धा क्षण मागे राहिला तरी कोणाची तरी मान पिरगळे. आईला मात्र हे मोजावे लागत नसे. ती डावा हात एकीच्या पाठीखाली आणि उजवा दुसरीच्या पाठीखाली घालून, जोडाचा भाग स्वतःच्या छातीवर टेकवून दोघींना एकटी उचलायची. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

तपासणीच्या दिवशी एकीला झोपेचे औषध दिले. दुसरीला द्यायचे बाकी होते, भूलतज्ज्ञ मात्रा काढत होत्या, आणि तेवढ्यात ती दुसरी पेंगू लागली. भूलतज्ज्ञांनी सिरिंज तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि दोघींच्या छातीची हालचाल मोजू लागल्या. सामाईक रक्ताभिसरण म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचले होते; ते त्या दिवशी समजले.

आणखी एक गोष्ट. जोडाच्या खालच्या बाजूची घडी ओलसर राहून तिथे पुरळ यायचे, आणि ते नीट दिसावे म्हणून मी हाताएवढा आरसा घेऊन जात असे. एकदा आरसा धरताना तो तिरपा झाला आणि त्यात त्या रागीट मुलीला बहिणीचा चेहरा दिसला. ती एकदम गप्प झाली. मग तिने आरशावर थापट मारली. चौदा महिने डोक्याला डोके लावून राहिलेल्या त्या दोघींनी एकमेकींना पाहिलेलेच नव्हते, हे तोपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यानंतर पुरळ असो वा नसो, तो आरसा रोज जाई.

त्यांची शस्त्रक्रिया झाली नाही. मोठा रक्तमार्ग दोघींत एकच होता, आणि तो जिला मिळेल ती कदाचित वाचेल, दुसरी नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना स्पष्ट सांगितले. त्यांनी एक रात्र विचार केला आणि दोघींना घरी नेले. मला त्या निर्णयात काहीही चुकीचे दिसले नाही, आजही दिसत नाही. पण निघण्याच्या आदल्या दिवशी एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार कोणाच्या तरी ओळखीने आत आला आणि आई औषधे आणायला गेली असताना छायाचित्र काढून गेला. ते दुसऱ्या दिवशी छापून आले, तेही मुलींच्या आणि गावाच्या नावासह. वॉर्डाबाहेर इतकी माणसे जमली की त्या कुटुंबाला सामानाच्या लिफ्टने खाली न्यावे लागले. दोघींवर पांढरी चादर घातली होती. चादर कोणी उचलू नये म्हणून आईने तिच्या कडा दोन्ही मुठींत धरल्या होत्या.

त्या चादरीवरून पुढे वाचनात आलेली एक गोष्ट मला नेहमी आठवते. १७८३ साली बंगालमध्ये एक मुलगा जन्मला, ज्याच्या डोक्यावर दुसरे डोके उलटे जोडलेले होते आणि त्या दुसऱ्या डोक्याला पूर्ण शरीर नव्हते. घाबरलेल्या सुइणीने त्याला विस्तवात टाकले होते, तो भाजला पण वाचला. पुढे आईवडील त्याला कलकत्त्यात पैसे घेऊन लोकांना दाखवत, आणि फुकट कोणी पाहू नये म्हणून मधल्या वेळात त्याला चादरीखाली झाकून ठेवत. १७८७ साली, चार वर्षांचा असताना, साप चावून तो गेला. त्याचे पुरलेले शरीर ईस्ट इंडिया कंपनीच्या मिठाच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याने उकरून काढले, आणि ती जोडकवटी अखेर लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात पोहोचली. पैसे मिळावेत म्हणून घातलेली ती चादर आणि कोणी पाहू नये म्हणून आमच्या वॉर्डातल्या आईने घातलेली चादर, यांत दोनशे वर्षांचे अंतर आहे. चादरीबाहेरच्या गर्दीत मात्र मला फारसा फरक जाणवला नाही.

आता 'यशस्वी'कडे येते. डोक्याला जोडलेल्या जुळ्यांपैकी कोणी तरी वेगळे होऊन जगले, असे पहिल्यांदा घडले ते १९५२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत, शिकागोला. सामाईक रक्तमार्ग एका भावाला मिळाला. ज्याला तो मिळाला नाही तो शुद्धीवर आलाच नाही आणि महिनाभराने गेला. दुसरा काही वर्षे जगला. पुढे १९८७ साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. बेन कार्सन यांच्यासह सत्तर जणांच्या चमूने डोक्याच्या मागच्या बाजूला जोडलेल्या जर्मन भावांना बावीस तासांत वेगळे केले. त्यासाठी बाळांचे शरीर थंड करून त्यांची हृदये सुमारे तासभर थांबवली होती. दोघेही टेबलावरून जिवंत परतले, बातमी जगभर गाजली, आणि तेव्हाच्या अर्थाने ती खोटी नव्हती. दोन्ही मुलांच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती आणि ती पुढे कधीच स्वावलंबी झाली नाहीत, ही माहिती पहिल्या पानावर यायला कोणाला सवड नव्हती. त्याच डॉ. कार्सन यांनी १९९७ साली दक्षिण आफ्रिकेत झांबियाच्या दोन भावांना अठ्ठावीस तासांत वेगळे केले आणि ते दोघेही चांगले वाढले. पहिल्या दिवशीच्या मथळ्यांवरून या दोन घटनांतला फरक कोणालाही सांगता आला नसता.

२००१ साली सिंगापूरमध्ये नेपाळच्या दोन चिमुकल्या बहिणींवर सत्त्याण्णव तास शस्त्रक्रिया चालली. चार दिवस आणि वर एक तास! त्या दोघी जगल्या आणि मायदेशी परतल्या; त्यांच्यापैकी एक २००९ मध्ये गेली. आपल्याकडचे उदाहरण तर अनेकांच्या स्मरणात असेल. ओडिशातल्या कंधमाळ जिल्ह्यातल्या दोन भावांवर २०१७ साली दिल्लीच्या एम्समध्ये ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाली, ती भारतातली अशा प्रकारची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून नोंदली गेली, आणि एम्सच्या डॉक्टरांनी केलेले ते काम खरोखरच मोठे होते. पण त्यानंतर ती मुले जवळजवळ दोन वर्षे रुग्णालयातच होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ती ओडिशाला परतली, तीही घरी नव्हे, कटकच्या रुग्णालयात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दोघांपैकी एक गेला. पहिल्या बातमीसाठी जेवढी जागा दिली गेली त्याच्या दहावा हिस्सा तरी या शेवटच्या बातमीला मिळाला का, हे आपल्याच जुन्या अंकांत पाहता येईल. मी त्यांची नावे लिहिलेली नाहीत. ती सगळ्यांना माहीत आहेत, आणि नेमकी तीच माझी तक्रार आहे.

या सगळ्यातून मी शस्त्रक्रियेच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नये. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीने चित्र पालटले आहे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात डॉ. जेम्स गुडरिच यांनी २००३ आणि २००४ मध्ये फिलिपाइन्सच्या दोन भावांना चार शस्त्रक्रियांत वेगळे केले, तेव्हापासून या सबुरीच्या मार्गावरचा विश्वास वाढला. हेच गुडरिच दिल्लीच्या शस्त्रक्रियेतही साहाय्याला होते. २०२० च्या मार्चमध्ये ते कोविडने गेले. लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट रुग्णालयात मूळचे काश्मीरचे डॉ. ओवासे जिलानी आणि डॉ. डेव्हिड डनवे यांनी २०१८ च्या ऑक्टोबरपासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत पाकिस्तानातल्या दोन बहिणींना तीन मोठ्या शस्त्रक्रियांत वेगळे केले. एकूण पन्नासहून अधिक तास आणि शंभराच्या आसपास माणसे लागली. २०२२ मध्ये ब्राझीलच्या जवळजवळ चार वर्षांच्या भावांना सात शस्त्रक्रियांनंतर वेगळे करताना डॉ. जिलानी आणि तिथल्या डॉक्टरांनी आधी संगणकाच्या आभासी चित्रांवर सराव केला होता. मूल जितके लहान तितकी कवटी आणि मेंदू सावरण्याची ताकद अधिक, हेही आता पुष्कळसे मान्य झाले आहे, म्हणजे निर्णय लवकर घ्यावा लागतो आणि तो आईवडिलांनाच घ्यावा लागतो. नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या दाराशी कॅमेरे उभे असतात.

आणि वेगळे न होणे म्हणजे अपयश, हे गृहीतही मला मान्य नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियात १९६१ साली जन्मलेली लोरी आणि जॉर्ज शापेल ही जोडी बासष्ट वर्षे जगून २०२४ च्या एप्रिलमध्ये गेली. लोरीने रुग्णालयाच्या धुलाईघरात नोकरी केली आणि ती बोलिंग खेळायची. जॉर्ज चालू शकत नसल्याने चाकांच्या स्टुलावर बसून बरोबर फिरायचा आणि कंट्री संगीत गायचा. घरात दोघांच्या दोन खोल्या होत्या आणि एक रात्र एकाच्या खोलीत, दुसरी दुसऱ्याच्या, असा शिरस्ता होता. कॅनडात २००६ साली जन्मलेल्या दोन बहिणींच्या मेंदूंत थॅलॅमस या भागाला जोडणारा एक पूल आहे, आणि एकीचे डोळे झाकून दुसरीच्या डोळ्यांसमोर वस्तू धरली तरी पहिलीला तिची जाणीव होते, असे त्यांच्या डॉक्टरांनी नोंदले आहे. त्यांना वेगळे न करण्याचा निर्णय विचारपूर्वक झाला आणि त्या मोठ्या झाल्या.

दुसऱ्या टोकाला इराणच्या लादन आणि लालेह बिजानी. वय एकोणतीस, दोघीही कायद्याच्या पदवीधर. एकीला वकिली करायची होती, दुसरीला पत्रकारिता, आणि एकमेकींचे चेहरे आरशाशिवाय पाहण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. १९९६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी नकार दिला होता. २००३ च्या जुलैमध्ये, मृत्यूची शक्यता माहीत असताना, त्यांनी सिंगापूरमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली आणि पन्नासहून अधिक तासांनंतर, वेगळ्या होताच, रक्तस्रावाने दोघीही सुमारे दीड तासाच्या अंतराने गेल्या. त्यांनी चूक केली असे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. सज्ञान माणसांनी स्वतः ठरवलेली गोष्ट आणि दहा महिन्यांच्या बाळासाठी दुसऱ्यांनी ठरवलेली गोष्ट यांत मात्र फरक करायला हवा, आणि आपल्या बातम्यांत तो फरक कधी दिसत नाही.

आपल्या देशात याबाबत काही चांगलेही घडले आहे आणि ते छापण्यासारखे आहे. तेलंगणातल्या, २००३ साली जन्मलेल्या दोन बहिणींना २०२० मध्ये दहावीच्या परीक्षेसाठी दोन स्वतंत्र हॉल तिकिटे मिळाली. पाटण्याच्या दोन बहिणींच्या बाबतीत तर एकीच्या शरीरात दोन्ही मूत्रपिंडे आणि दुसरीच्या शरीरात एकही नाही, असे तपासणीत आढळले होते. कुटुंबाने शस्त्रक्रिया नाकारली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार सरकारला त्यांच्यासाठी दरमहा पाच हजार रुपये देण्यास सांगितले, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी प्रथमच दोन वेगळ्या मतदार म्हणून मते दिली. त्याआधी त्यांचे मतदार ओळखपत्र एकच होते. दोन माणसे असण्यासाठी मधली कवटी कापावी लागत नाही, ही गोष्ट एका परीक्षा मंडळाला आणि निवडणूक यंत्रणेला समजली. 'एक धड, दोन डोकी' लिहिणाऱ्या उपसंपादकांना समजायला हरकत नसावी.

आपल्याकडून माझी अपेक्षा फार नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी बातमी जरूर द्यावी, पण मथळ्यात 'वेगळे केले' एवढेच म्हणावे आणि 'यशस्वी' निदान वर्षभर राखून ठेवावा. मुलांचा चेहरा, नाव आणि गाव छापू नये. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाने मनाई आहे, आणि इतर मुलांच्या बाबतीत कायद्याने हात बांधलेले नसले तरी संपादकांनी स्वतः तेवढे करायला कोणाची आडकाठी नाही. आईवडील संमती देतात असे सांगितले जाते. रुग्णालयाचे बिल कसे भरायचे या विवंचनेतल्या माणसाची संमती कशी असते, हे मी एकतीस वर्षे पाहिले आहे.

शेवटी, वर्षभराने आपल्या वार्ताहराने त्या मुलांच्या डॉक्टरांना एक फोन करावा. विचारायचे प्रश्न साधे आहेत. डोक्यावरची कातडी धरली का, की पुन्हा पुन्हा जखम उघडते आहे. कवटीचे हाड नाही तिथे काय बसवले. मेंदूतले पाणी उतरवण्यासाठी नळी घालावी लागली का. झटके येतात का आणि किती औषधे चालू आहेत. मूल मान धरते का, बसते का, हाताने घास तोंडात घालते का. दोघांपैकी मागे कोण पडले आहे आणि घरी त्याची मालिश, व्यायाम, भरवणे कोण करते. उत्तरे कमी जागेत मावतील. वार्ताहरांना हवे असेल, तर हे प्रश्न आणि त्यांचा अर्थ मी भेटून सविस्तर समजावून सांगेन. माझा पत्ता आणि दूरध्वनी पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका